गोलामागची होडी

हॅमरविकचं फुटबॉलचं मैदान म्हणजे डोंगरानं समुद्राला देता देता मागे ठेवलेली हिरवी ओंजळ. समुद्राकडच्या गोलामागे वीस पावलांवर पाणी. सामना असला की त्या पाण्यात मिक्यालची होडी उभी असे. बॉल पाण्यात गेला की मिक्याल वल्हवत जाई, टोपलीनं बॉल उचली आणि काठावर फेकी. चव्वेचाळीस वर्षं हेच. गावातली पोरं मोठी झाली, कोपनहेगनला गेली, काही परतली, काही नाही. होडी मात्र जागेवर.

खरं तर क्लबचा नियम वेगळा होता. ज्यानं बॉल समुद्रात मारला, त्यानंच तो आणायचा. ही रीत मिक्यालनं मोडली. "खेळणाऱ्यांनी खेळावं, मी आहे," एवढंच तो म्हणाला. भाऊ गेल्याच्या दुःखानं म्हणतोय, असं समजून गावानंही कधी विचारलं नाही.

भाऊ हाइनी. दोन वर्षांनी धाकटा, हसरा. वल्हवायला बसला की त्याचं डावं वल्हं दर फटक्याला होडीच्या कडेवर आपटायचं. टक. मिक्याल चिडवायचा, "मासे धरायला निघालास की सुतारकामाला?"

चव्वेचाळीस वर्षांपूर्वी त्या दिवशी पेनल्टी मिळाली होती. वाऱ्यात बॉल जागेवर राहीना, म्हणून हाइनी गवतावर पालथा पडून एका बोटानं तो धरून होता. मिक्यालनं लाथ मारली. बॉल गोलावरून समुद्रात गेला. जायचं मिक्यालला होतं. पण त्याच्या पायात त्याच आठवड्यात आलेले बूट होते, गावातले पहिले खरे फुटबॉलचे बूट. त्यानं एकदा खाऱ्या पाण्याकडे बघितलं, एकदा पायांकडे. हाइनी उठला, छातीवरचा चिखल झटकून हसला. "राहू दे, नवरदेवा. मी जातो." तो होडी घेऊन गेला आणि धुकं उतरलं. तिसऱ्या दिवशी रिकामी होडी मिळाली. बॉल त्याआधीच आपसूक काठाला लागला होता.

ते बूट मिक्यालनं पुन्हा घातले नाहीत. घरामागच्या, वाऱ्यावर मांस वाळवायच्या खोपीत, वाळत टाकलेल्या मेंढ्यांच्या तंगड्यांशेजारी, ते टांगलेले होते.

आणि तेव्हापासून, धुकं असलं की, पाण्यावर मागून आवाज यायचा. वल्ह्याच्या एका फटक्याइतकं अंतर राखून. टक. मिक्याल वल्ही थांबवायचा, तोही थांबायचा. पहिली वर्षं मिक्यालला घाम फुटे. पुढे पुढे धुक्याच्या दिवशी आवाज आला नाही, तर त्याला चैन पडेना.

त्या सप्टेंबरात क्लबची अध्यक्षा मालान कॉफीचा कप घेऊन होडीपाशी आली. "गुरुवारच्या बोटीनं गोलामागे लावायची जाळी येतेय. नऊ मीटर उंच. आता माणसासारखा बाकावर बसून सामने बघ."

"बाकावरून काय दिसतं?"

"रेगिनच्या चुका."

मिक्याल हसला नाही. जाळी लागली की पाण्यात जायला निमित्त उरणार नव्हतं. मग धुक्यात वल्हवणाऱ्याचं ऐकायचं कुणी? आणि रेगिन! हाइनीचा मुलगा, बाप गेल्यावर पाच महिन्यांनी जन्मलेला, आता त्रेचाळिशीतही संघाचा गोलकीपर. दर ख्रिसमसला तो काकाच्या ताटात मटणाचा पहिला तुकडा वाढायचा. खोपीतल्या बुटांची गोष्ट त्याला ठाऊक नव्हती.

जाळी लागण्याआधीच्या शेवटच्या सामन्यात रेगिन समुद्राकडच्या गोलात उभा होता. त्यानं बॉल उंच मारला. वाऱ्यानं तो वरच्या वर झेलला आणि मागे आणून रेगिनच्याच डोक्यावरून समुद्रात टाकला. प्रेक्षक हसून लोटपोट झाले. "रेगिन, तू कुणाकडून खेळतोयस रे?"

तोवर डोंगरावरून धुकं खाली सरकत होतं.

रेगिन हातमोजे काढत काठावर आला. "काका, उतर. शेवटचा बॉल आहे. जुन्या नियमानं मी जातो."

"नाही."

"छातीत दुखतं तुझ्या. मालाननं सांगितलंय मला."

"मालानला कॉफी गाळू दे. तू जायचं नाहीस." मिक्यालचा हात होडीच्या कडेवर आवळला. गेली चव्वेचाळीस वर्षं न सांगितलेलं आता सांगितलं नसतं, तर हा मुलगाही पाण्यात निघून गेला असता. "रेगिन, त्या दिवशी बॉल मी मारला होता. जायचं मला होतं. नवे बूट भिजतील म्हणून मी उभा राहिलो. तुझा बाप माझ्या जागी गेला."

 रेफरीनं शिट्टी वाजवली, कुणीतरी ओरडलं, "अरे, बॉल आणताय की गप्पा मारताय?" रेगिननं वाकून बुटांचे बंद सोडले, बूट गवतावर ठेवले आणि अनवाणी होडीत चढला.

"सरक," तो म्हणाला. "एक वल्हं दे."

दोघं निघाले. वल्ह्याच्या वीस फटक्यांत गाव नाहीसं झालं. बॉल पांढऱ्यात पांढरा डुलत होता. मिक्यालनं तो टोपलीत घेतला आणि तेवढ्यात मागून आलं. टक.

रेगिनचा हात थबकला. "काका, मागे कोण आहे?"

इतकी वर्षं मिक्यालला वाटत आलं होतं की हे आपल्याच डोक्यात आहे. त्याचे डोळे भरले. तो धुक्याकडे तोंड करून म्हणाला, "हाइनी, बॉल मी घेतलाय. हा तुझा मुलगा. आता चल."

काठावरून रेफरी शिट्टी वाजवत राहिला, दिशा कळावी म्हणून. दोघं त्या आवाजाकडे वल्हवू लागले. टक आता मागे नव्हतं. बाजूला आलं, मग पुढे गेलं, काठाकडे, घाईघाईनं, आणि वाळूवर होडी घासल्यासारखं होऊन थांबलं.

काठावर मालान कंदील घेऊन उभी होती. "दोघंच ना तुम्ही?" तिनं विचारलं. "मघाशी कुणीतरी उतरलं इथे. मला वाटलं, रेगिनच."

 रेगिननं काकाचा हात धरून त्याला खाली उतरवलं आणि मघा गवतावर कोरडे ठेवलेल्या बुटांकडे वळला. एका बुटात ओंजळभर समुद्राचं पाणी होतं. तो ते ओतून टाकायला गेला, तसा मिक्याल म्हणाला, "राहू दे. थोडा वेळ राहू दे."