जेवणानंतर कट्ट्यापर्यंत

माझ्या जाऊबाईंशी माझी खरी ओळख झाली, तेव्हा आमच्या लग्नाला पंचवीसेक वर्षं होऊन गेली होती. तोपर्यंत आम्ही एकाच घरात राहत होतो, त्या खाली, आम्ही वर. सासरे गेल्यावर बेंगळुरात चामराजपेटेतल्या त्या घरात दोन चुली झाल्या. भांडण काही झालं नाही. दोघा भावांनी बसून ठरवलं आणि झालं. पण जिन्याच्या त्या पायऱ्या मग फारशा कुणी चढत-उतरत नसे.

मी नागपूरची. बोलणं मोठ्यानं, हसणं त्याहून मोठ्यानं. त्या पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरात राहिलेल्या मराठी घरातल्या. बोलण्यात जागोजाग कन्नड, आणि आवाज इतका हळू की पुन्हा विचारावं लागे. नवी नवरी असताना मी दोनतीनदा विचारलं, मग विचारायचं सोडलं. सगळे म्हणत तशी मीही त्यांना अक्का म्हणायची. सणाला ताट खाली जायचं, रिकामं न पाठवता त्या परत पाठवायच्या. एवढाच आमचा व्यवहार.

मग मला साखर निघाली. मी घाबरले आणि घाबरलेली माणसं करतात ते सगळं केलं. भात एकदम बंद. पहाटे उठून पार लालबागेपर्यंत फेरी. कारल्याचा रस. महिनाभरात गुडघा धरला, चिडचिड वाढली आणि एका लग्नात मी एवढ्या होळिगे, म्हणजे पुरणपोळ्या, खाल्ल्या की नवरा पंगतीत माझ्याकडे बघतच राहिला. तपासणीत साखर होती तिथंच, उलट थोडी वरच.

आमची डॉक्टर माझ्या मुलीच्या वयाची. तिनं कागद बाजूला ठेवला आणि विचारलं, "सगळ्यात वाईट दिवशी, अगदी कंटाळा आलेल्या दिवशी, तुम्ही किती चालू शकाल?"

मी म्हटलं, "गल्लीच्या टोकापर्यंत."

"मग तेवढंच चाला. दुपारी जेवलात की लगेच. आणि भात सोडू नका, निम्मा करा. आधी कोशिंबीर खा, मग भात. दुसरं काही करू नका."

मला ते औषध न दिल्यासारखं वाटलं. तरी दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर चपला घालून खाली उतरले. अक्का दारात उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "उन्हाची कुठं चाललीस?"

मी सांगितलं. त्यांनी जरा विचार केला. "स्वल्प थांब," म्हणाल्या. आत गेल्या, पदर नीट करून, छत्री घेऊन बाहेर आल्या. "मीपण येते. जेवून लवंडलं की मला छातीत जळजळतं."

आमच्या गल्लीच्या टोकाला पिंपळाचा कट्टा आहे, त्याच्या बुंध्याशी नागाचे दगड. वाटेत कॉफीपूड दळण्याचं दुकान, एक बंद पडलेला छापखाना, मग नारळवाला. कट्ट्याला हात लावायचा आणि परत यायचं. पहिले कित्येक दिवस आम्ही जवळजवळ न बोलता गेलो आणि आलो. एका छत्रीत दोघींना मावायचं म्हणजे चिकटून चालावं लागे, त्याचाच मला संकोच वाटायचा.

बोलणं सुरू झालं ते कॉफीच्या वासावरून. दुकानात बिया भाजत होत्या. अक्का थांबल्या, डोळे मिटून त्यांनी वास घेतला आणि म्हणाल्या, "लग्नाआधी मी कॉफी प्यायचीच नाही. या घरात येऊन शिकले. सासूबाईंनी पहिल्यांदा दिलेली कॉफी मी तुळशीत ओतली होती."

"तुम्ही?" मी एवढ्या मोठ्यानं हसले की नारळवाल्यानं मान वळवली. अक्काही हसल्या, आवाज न करता, खांदे हलवत. मग रोजच काहीतरी निघू लागलं. नवी नवरी म्हणून आल्यावर मी त्यांना किती धीट वाटले होते, ते त्यांनी सांगितलं. "मला तुझी भीती वाटायची गं," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "अहो, मला तुमची वाटायची."

हळूहळू बाकीचंही सुरू झालं. त्या कोसंबरी, भिजवलेल्या मूगडाळीची कोशिंबीर, करून वाटीभर वर पाठवू लागल्या, मी ताक खाली. जमिनीवर बसून हात न टेकता उठायचं, हे मी कुठंतरी पाहिलं होतं, ते आम्ही त्यांच्या स्वयंपाकघरात करून बघायचो. त्या ओट्याला धरून उठत आणि म्हणत, "हात नाही टेकला की, ओटा धरला फक्त." कधी पावसानं जाता आलं नाही तर जिनाच चढायचो-उतरायचो. एखादा दिवस बुडला तर त्याचं काही वाटून घ्यायचं नाही, असं त्यांनीच ठरवून टाकलं होतं. उद्या जायचंच आहे की, म्हणायच्या.

माझी साखर उतरायला लागली. आणि अक्का बारीक होऊ लागल्या.

गल्लीत सगळ्यांनी त्यांचं कौतुक केलं. "अक्का, सण्णगा आगिदीरा!" शेजारीण गेटातून ओरडायची. बारीक झालात की! अक्का लाजायच्या. पोलकी आत घ्यायला टाकली होती. मोठे दीर, त्यांचे मिस्टर, मला म्हणाले, "तुझ्यामुळं ही तरुण झाली." निम्म्या भातानंच पोट भरतं, असं त्या सांगायच्या तेव्हा मला हेवा वाटायचा, कारण माझं अजून भरत नव्हतं. पोट मात्र जरा फुगल्यासारखं वाटतं, असंही त्या एकदोनदा म्हणाल्या. आम्ही ते डाळीवर ढकललं.

एका दुपारी कॉफीच्या दुकानापाशीच त्या थांबल्या आणि पायरीवर बसल्या. "आज इथूनच," म्हणाल्या. दुसऱ्या दिवशीही तिथूनच. तिसऱ्या दिवशी मी त्यांना माझ्या डॉक्टरकडे घेऊन गेले. तिनं पोट तपासलं आणि तिचा चेहरा बदलला. मग फोटो, सुई, मोठं हॉस्पिटल. अंडाशयाचा कॅन्सर होता आणि तो पोटभर पसरला होता. बारीक होणं त्याचंच होतं.

हॉस्पिटलबाहेर अक्का ऑटोत बसल्या. मग म्हणाल्या, "एवढं चाललो ते काय झालं मग?"

दीर पुढं वाकून ड्रायव्हरला रस्ता सांगत होते, सांगायची काही गरज नसताना.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी वरच थांबले. कुठल्या तोंडानं खाली जायचं? तर जिन्याखालून हाक आली, हळूच, पण आली. "येतेस ना?" त्या चपला घालून उभ्या होत्या.

उपचार सुरू झाल्यावर आमची वाट आखडत गेली. आधी कॉफीच्या दुकानापर्यंत, मग गेटापर्यंत. हॉस्पिटलात असल्या की वॉर्डाच्या लांब पॅसेजमधून, मी एका हातानं सलाईनचा स्टँड ढकलायची आणि दुसरा हात त्यांना धरायला द्यायची. डोक्याला फडकं गुंडाळलेल्या अक्का भिंतीवरची चित्रं बघत चालायच्या. डॉक्टर म्हणायचे, या हिंडत्या-फिरत्या आहेत म्हणून एवढं सोसतायत. त्यांना ते ऐकायला आवडायचं. मला आवडायचं नाही. सोसायला बळ मिळावं म्हणून का आम्ही चाललो होतो?

मग घरी, पलंगापासून खिडकीपर्यंत. मग तेही राहिलं. तेव्हा मी त्यांच्या पायांशी बसायची आणि त्या पावलं वर-खाली करायच्या, माझ्या तळहातावर टेकवून. पावलं सुजली होती, बोट दाबलं की खड्डा पडायचा. "झालं का गं कट्ट्यापर्यंत?" त्या विचारायच्या. "झालं, आता परत फिरा," मी सांगायची.

एक दिवस त्यांनी पाय हलवलेच नाहीत. म्हणाल्या, "आज तू जा. जाऊन ये आणि मला सांग."

"मी इथंच बसते, अक्का."

"जा की. साखर वाढेल तुझी."

मी गेले. छत्री न घेता गेले, एकटीला ती धरवेना. परत आल्यावर त्यांनी डोळे उघडले. मी सांगू लागले, कॉफीवाल्यानं पाटी रंगवली, हिरवी.

"हिरवी? निळी बरी होती."

"नारळवाला आज आला नाही."

"बायको बाळंत व्हायची होती त्याची. विचार उद्या."

मी दुसऱ्या दिवशी विचारलं. मुलगी झाली होती. अक्कांनी ऐकून मान हलवली, "सरी, सरी," म्हणाल्या, बरं बरं. त्यानंतर मी रोज जायची आणि येऊन सांगायची. त्या ऐकत असतील-नसतील, पण मी सांगायची. पिंपळाला नवी पानं आली, तांबूस, हे मी सांगितलं ते शेवटचं. दुसऱ्या दिवशी सकाळी, दीर त्यांना पाणी पाजायला गेले तेव्हा त्या गेल्या होत्या.

दिवसवार होईपर्यंत घर माणसांनी भरलेलं होतं. धारवाडहून, होसूरहून पाहुणे आले. येणाऱ्या बायका मला म्हणत, तू सख्ख्या बहिणीसारखं केलंस. मला ते ऐकवत नसे. बहीण मिळायला एवढी वर्षं लागली आणि किती थोडे दिवस मिळाली, हे कुणाला सांगणार?

माणसं गेल्यावर एका दुपारी दीर गेटाशी उभे दिसले, पायात चपला. "मी येऊ का?" म्हणाले. आम्ही निघालो. ते भराभर चालतात, मला मागं पडायला होत होतं. कट्ट्यापाशी पोचल्यावर त्यांनी इकडंतिकडं पाहिलं. "इथपर्यंत यायचात?"

"हो."

"मला वाटायचं, लांब जाता. एवढा वेळ लावायचात."

मग ते कट्ट्यावर बसले, चष्मा काढला आणि रडू लागले. मी शेजारी उभी राहिले. नारळवाल्यानं न मागता एक शहाळं कापून आणून दिलं. ते त्यांनी हातात तसंच धरून ठेवलं. त्यानंतर ते पुन्हा आले नाहीत. मीही विचारलं नाही. दुपारी वरून त्यांचं ताट जातं, आधी कोशिंबीर खातात का ते मला माहीत नाही.

मी जाते. रोज नाही, पण जाते. परत आले की जिन्याच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवताना काहीतरी सांगायचं राहिल्यासारखं होतं, आणि मग वर चढते.

परवा तपासणी झाली. डॉक्टर खूश झाली. गोळी कमी करूया म्हणाली, एवढ्याशा सवयीनं केवढं काम केलं बघा. तिला अक्कांचं माहीत होतं, बोलून झाल्यावर तिच्या लक्षात आलं आणि तिनं माझ्या हातावर हात ठेवला. मी घरी आले. निम्मा भात वाढून घेतला, जेवले, चपला घातल्या आणि खाली गेटापर्यंत गेले. ऊन फार नव्हतं. कॉफी भाजल्याचा वास येत होता. पण पाय उचलेनात. मी गेट लावून परत फिरले. त्या दिवशी राहिलंच. दुसऱ्या दिवशी गेले.