सरकारी झाडातला खिळा

झाड कापायच्या आधी मी एकच गोष्ट विचारतो. यात कुणी खिळा मारलाय का? लोक हसतात. झाडाचा मालक म्हणतो, आमच्या झाडाला कोण कशाला खिळे मारतंय भाऊ, तुम्ही कापा बिनधास्त. बिनधास्त म्हटलं की माझं डोकंच फिरतं. बिनधास्त कापणाऱ्यांचे हात मी बघितलेत. बोटं मोजायला बसलं तर हिशोब लागत नाही.

पेट्रोलवरच्या लाकूड कापायच्या मशीनला आमच्याकडं कटर म्हणतात. उमरीच्या आसपास मी आणि माझा धाकटा भाऊ हेच काम करत होतो. मी आधी शिकलो आणि मग त्याला शिकवलं. शिकवलं म्हणजे काय, शिव्याच घातल्या. चप्पल घालून कटरला हात लावला तर कटर हिसकावून घेत होतो. चालू करताना ते जमिनीवर ठेव, मागच्या मुठीत बूट घाल, मग दोरी ओढ. हातात लोंबकळत ठेवून दोरी ओढणारा मला दिसला की मी अनोळखी माणसाला पण बोलतो. दोन्ही हातांनी धर, अंगठा मुठीखालून घे. खांद्याच्या वर न्यायचं नाही. पळायची वाट आधी साफ करायची, मग झाडाला हात. आणि पट्टीचं टोक, जिथून चेन वळते तो शेंडा, तो कशालाच टेकू द्यायचा नाही. त्या शेंड्याला कडक काही लागलं की कटर उसळतं आणि सरळ तोंडावर येतं. डोळा मिटायला पण वेळ देत नाही.

धाकटा हसायचा. ‘दादा, तू मास्तर व्हायला पाहिजे होतास, गावाची लेकरं तरी वाचली असती.’ पण ऐकायचा. काय बी म्हणा, ऐकायचा. मोटरसायकलचं हेल्मेट घालूनच कापायचा, उन्हाळ्यात पण. गावातली पोरं त्याला चिडवायची, की काय रे, झाडावर बसून नांदेडला चाललास का. तो म्हणायचा, ‘आमच्या दादाला सांगा.’

आता खिळ्याचं सांगतो. आमच्याकडचं झाड म्हणजे नुसतं झाड नसतं. कुणी शिकवणीची पाटी ठोकतंय, कुणी कपडे वाळवायला तार बांधतंय, कुणी निवडणुकीचा बोर्ड. ते बघून कळतं तरी. न कळणारा खिळा वेगळा असतो. घरात कुणाला फेफरं येतंय, कुणी झोपेत ओरडतंय, कुणाचं लेकरू वाळत चाललंय, की जाणत्याकडं जायचं. तो मंतरलेला खिळा देतो. तो खिळा झाडात ठोकायचा, म्हणजे ती पीडा झाडाला खिळली. झाड वाढतं, साल खिळ्यावर चढते, काही वर्षांत वरून काही दिसत नाही. आणि एक अट असते. कुठल्या झाडात ठोकला ते कुणाला सांगायचं नाही. सांगितलं की सुटतं.

म्हणून मी एका फुटक्या स्पीकरचं लोहचुंबक सुतळीला बांधून ठेवलेलं. बुंध्यावरून खालीवर फिरवायचो. सालीतला खिळा चुंबक धरतं. वीतभर आत गेलेल्याला ते तरी काय करणार? म्हणून विचारायचं. दहा जणांना विचारायचं. लाकडाला तोंड नाही, माणसाला तरी आहे.

आमचं घर बौद्ध. बाप असेपर्यंत या असल्या गोष्टींचा शब्द घरात काढायची सोय नव्हती. त्यानं एकदा गंडा बांधलेल्या पाहुण्याला जेवायच्या आधी गंडा तोडायला लावला होता. ‘आपण हे सोडून आलोत,’ म्हणायचा. धाकट्याला लहानपणी फिट यायच्या, तेव्हा बाप त्याला सरकारी दवाखान्यात घेऊन जायचा. पुढं फिट थांबल्या. बाप म्हणायचा, औषधानं थांबल्या. माय काही म्हणायची नाही. माय मुळात कमीच बोलते.

रस्ता मोठा करायचं काम निघालं. दोन्ही बाजूचे कडूलिंब, चिंचा, सगळ्यांवर पांढरा पट्टा आणि नंबर. त्यातला आमच्या गावाजवळचा तुकडा आम्हाला कापायला मिळाला. ज्या झाडांखाली बसून बसची वाट बघितली, तीच कापायची. वाईट वाटलं का? वाटलं की. पण आम्ही नाही कापलं तर दुसरा कापणार, आणि तो चप्पल घालून कापणार.

फाट्याजवळच्या कडूलिंबाची पाळी आली, त्या दिवशी सकाळी माय भाकरी थापत होती. मी म्हणलो, आज फाट्याचा लिंब.

तिचा हात थांबला. ‘ते झाड नका कापू.’

‘का?’

‘सरकारचं झाड हाय. तळतळाट लागतो.’

मी हसलो. ‘माय, सरकारच कापायला लावून राहिलंय. आता सरकारला सरकारचा तळतळाट लागतोय का?’

‘दुसऱ्याला द्या ते.’

झाड कापायला निघालं की कुणीतरी आडवं येतंच. कुणाची सावली असते, कुणाची आठवण असते. मला वाटलं, तसंच हे. तरी सवय जात नाही. जगाला विचारतो ते मायला पण विचारलं. ‘माय, त्यात खिळा-बिळा हाय का?’

तिनं माझ्याकडं बघितलं. तव्यावरची भाकरी करपायला लागली होती. म्हणाली, ‘न्हाई.’

मग जरा वेळानं, ‘पण तू काप. त्याला हात लावू देऊ नको.’

धाकटा दारात बूट घालत होता. तो म्हणाला, ‘बघा, लाडका कोण ते आज कळलं,’ आणि मायच्या डोक्याला डोकं लावून बाहेर पडला. त्याची बायको पण हसली. सगळेच हसलो.

झाडापाशी गेल्यावर मी चुंबक फिरवलं. पाटीचे दोन खिळे निघाले, ते उपटले. बाकी काही नाही. एका अंगाला विजेची तार होती, म्हणून वर दोर बांधून झाड शेताच्या अंगाला ओढून धरायला पाहिजे होतं. दोराला वजनाचा माणूस लागतो, आणि आमच्या दोघांत वजन माझं. समोरची खाच मी कापून दिली. मग दोर धरून लांब उभा राहिलो. मागचा काप त्यानं घेतला. मायचं बोलणं माझ्या ध्यानात होतं का? होतं. पण ‘माय म्हणाली म्हणून तू कापू नको’ असं सांगून काम बंद ठेवणारा माणूस मला दाखवा.

तो बरोबर उभा होता. पाय बरोबर, हात बरोबर, हेल्मेट डोक्यावर. मी बघत होतो, म्हणून सांगतो. लिंबाचा ओला भुसा उडत होता. मग कटरचा आवाज बदलला. कर्रकन असं काहीतरी झालं आणि कटर उसळलं. ब्रेक लागला, चेन थांबली, पण तोवर पट्टी हेल्मेटची काच फोडून कपाळात गेली होती. तो मागं पडला. मी दोर टाकून पळालो. झाड उभंच होतं, अर्धं कापलेलं, मला त्याची शुद्ध नव्हती. भावाच्या तोंडावर इतकं रक्त होतं की डोळे उघडे आहेत का मिटलेले ते कळत नव्हतं. मी गमचा दाबून धरला आणि रस्त्यावरच्या गाड्यांना हात करत आईबहिणीवरून शिव्या देत होतो. एक टेम्पोवाला थांबला.

नांदेडला नेलं. कवटीचं हाड फुटलेलं, ऑपरेशन झालं. वाचला. डॉक्टर म्हणाले, हेल्मेट नसतं तर इथवर आलाच नसता. मी तिथंच जिन्यात बसून रडलो. वाटलं, जिंकलो. माझ्या शिव्यांनी भाऊ वाचला.

तो दवाखान्यातच होता, तेव्हा मी फाट्यावर गेलो. झाड तोवर दुसऱ्यांनी मशीन लावून पाडलं होतं. ओंडका पडलेला. आमच्या कापाच्या तोंडाशी लाकूड निळंकाळं झालं होतं, लोखंड मुरलं की होतं तसं. कुऱ्हाडीनं फोडलं. आत खिळा होता. बाजारात मिळतो तसला नाही, लोहारानं ठोकलेला, चौकोनी, बोटाएवढा. त्याचं डोकं कटरनं चमकवलं होतं.

खिळा घरी आणला आणि मायच्या पुढं टाकला. मला वाटलं, विचारेल की हे काय आणलं. तिनं विचारलं, ‘निघाला?’

बस. एवढंच.

मग हळूहळू सगळं कळलं. धाकटा लहान असताना ती बापाला चोरून देगलूरकडच्या एका जाणत्याकडं गेली होती. बापाला सांगितलं होतं, माहेरी चालले. तो जाणता निम्मं तेलुगूत बोलायचा, पण अट तिला नीट कळली. असं झाड बघ जे कुणी कधी कापणार नाही. शेतातलं झाड माणूस कापतो, दारातलं कापतो. माय हुशार. तिनं विचार केला, सरकारचं झाड कोण कापतंय? रस्त्यावरच्या लिंबात तिनं स्वतः दगडानं खिळा ठोकला. आणि फिट थांबल्या.

‘मी विचारलं होतं ना तुला? तोंडावर विचारलं होतं ना?’ मी इतक्या जोरात ओरडलो की शेजारचे दारात आले.

‘सांगितलं असतं तर सुटलं असतं.’

‘आणि मी कापलं असतं तर? मला लागला असता तो खिळा!’

तिला खरंच समजलं नाही मी काय म्हणतोय ते. तिच्या हिशोबानं तो खिळा धाकट्याचा होता. मला कसा लागेल? तिनं मला मरायला पाठवलं नव्हतं, हे मला कळतं. कळून काय उपयोग?

धाकटा घरी आला. कपाळापासून कानापर्यंत शिवलेलं. त्याची बायको टोपी घालून द्यायची. चालायला लागला, हसायला पण लागला. आणि एके दिवशी अंगणात पाणी पिताना त्याच्या हातातून तांब्या पडला आणि तो आडवा झाला. तोंडाला फेस, हातपाय झाडतोय. लहानपणी यायची तशीच.

माय दारात उभी होती. ‘सुटलं,’ म्हणाली.

मी त्याला लातूरला मोठ्या डॉक्टरकडं नेलं. डॉक्टर चांगला माणूस. त्यानं फोटो उजेडाला धरून दाखवलं, इथं मार लागलाय, इथं खूण राहिलीय, म्हणून फिट येते. गोळ्या बंद करायच्या नाहीत, वरचेवर येत राहिली तर जिवाला धोका. मी घरी येऊन ते सगळं मायला सांगितलं. फेफऱ्यानं खिळा लागला नाही माय, खिळ्यानं फेफरं आलंय. उलटं करून सांगितलं, सुलटं करून सांगितलं. ती म्हणाली, ‘खिळा होता तवर काही नव्हतं. निघाला अन् आलं. यात खोटं काय हाय?’

बोला आता. खोटं काहीच नाही. पालथ्या घड्यावर पाणी.

बाप असता तर काय म्हणाला असता कुणास ठाऊक. भिंतीवर बुद्धाचा फोटो आहे, डोळे मिटलेला. त्याच्याखाली माझा भाऊ बसून असायचा. गोळ्यांनी सुस्त व्हायचा, फिट कमी झाल्या पण गेल्या नाहीत. कटरकडं बघायचा नाही. मी एकट्यानं काम करायला लागलो. कटरला एकटं जायचं नसतं, हे पण मीच शिकवलं होतं त्याला.

मधे दोन दिवस माय, तो आणि त्याची बायको पाहुण्याकडं म्हणून गेले. परत आले तर तो ताजातवाना. मला बरं वाटलं. मग फळीवर गोळ्यांची पाकिटं दिसली, न फोडलेली.

‘गोळ्या?’

‘आता काय करायच्यात,’ धाकटा म्हणाला. ‘बंदोबस्त केलाय.’

‘कुठं ठोकला?’

त्यानं टोपी खाली ओढली. ज्याचं कपाळ त्या खिळ्यानं फाडलं, त्यानं. मी त्याचे खांदे धरून हलवले. ‘अरे, माणसं लाकूड कापतात रे! कुठल्या झाडात ठोकला?’

‘तुला सांगितलं की सुटतं, दादा.’ त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ‘मला जगायचंय.’

मी त्याच्या बायकोकडं बघितलं, तिनं पदर तोंडाला लावला. गोळ्या रोज मी पाण्याबरोबर त्याच्यासमोर ठेवतो. तो हो म्हणतो. संध्याकाळी त्या तिथंच असतात.

काल सकाळी मला ओढ्यावरची वाळकी चिंच कापायला जायचं होतं. गाडीला कटर बांधत होतो. धाकटा टोपी घालून ओट्यावर येऊन बसला. म्हणाला, ‘जपून काप, दादा.’

मी हातातला दोर सोडला. म्हणलो, कुठलं झाड ते सांगू नको. फक्त एवढं सांग, आज जातोय त्यात हाय का?

त्यानं मायकडं बघितलं. माय दारात तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

‘न्हाई,’ म्हणाली.

मी कटर बांधलं, चुंबक खिशात घातलं आणि निघालो.