गोबरगॅस आणि पाटीभर गोवऱ्या

हवामान बदलावर गावात बैठक झाली तेव्हा तालुक्याहून आलेल्या साहेबांनी फळ्यावर गोबरगॅसचा फायदा-तोटा मांडला. धूर नाही, झाडतोड नाही, सिलिंडरचा खर्च नाही, वर शेताला खत. तोट्याच्या बाजूला एकच ओळ होती, खड्डा खणणे. हिशेब इतका सरळ होता की केदारखेड्यात पहिला अर्ज मी भरला. अनुदान मिळेपर्यंत पृथ्वी आणखी थोडी तापली, पण शेवटी गोठ्यामागे टाकी उभी राहिली.

आईने निळ्या ज्योतीवर भाकरी टाकून पाहिली. "बराबर फुगून राह्यली," म्हणाली. तिच्याकडून एवढं कौतुक म्हणजे फार झालं. गोठ्यातलं सगळं शेण टाकीत जाऊ लागलं, त्यामुळे गोवऱ्या थापणं बंद झालं. ज्या भिंतीवर त्या थापायचो तिला मी चुना लावला. पाहुणे आले की आधी भिंत दाखवायचो, मग गॅस.

पुढच्या उन्हाळ्यात शेजारची काकू वारली. तिने आणि आईने जन्मभर शेतात शेजारशेजारच्या पाती, म्हणजे ओळी, धरून खुरपलेलं. आमच्याकडे कुणी गेलं की बैलगाडी दारोदार फिरते आणि प्रत्येक घर सरणासाठी पाटीभर गोवऱ्या देतं. त्या विकत आणायची पद्धत नाही.

गाडी आमच्या दारात आली. आई रिकामी पाटी घेऊन उभी होती. ती कशाला घेतली, हे तिलाही सांगता आलं नसतं. गाडीवाला खाली बघत म्हणाला, "ऱ्हाऊ द्या मावशी, तुमच्याकडं गॅस हाय." गाडी पुढे गेली. बोलण्यात टोमणा अजिबात नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. मला भयंकर शरम वाटली, आणि शरम वाटली की मी भांडायला उठतो.

"एका पाटीनं काय अडणार हाय?" मी आईवरच डाफरलो. "आन् जळण कमी तर धूरबी कमी." हे मी खरंच बोललो, चांगला मोठ्याने.

आईने पाटी खाली ठेवली. गाडी काकूच्या दाराकडे वळेपर्यंत ती तिकडेच बघत राहिली.

"तुहा बाप गेल्ता तव्हा पहिली पाटी तिनं दिल्ती," ती म्हणाली. "आता मी तिला कव्हा देऊ, सांग."