ढिगावर वाकलं तरी न पडणारं पेन

आधी काकांविषयी सांगतो. माझ्या खिशात जे आखूड, राखाडी पेन आहे ते मी निवडलेलं नाही, काकांनी निवडलंय. नागपुरात कळमन्याच्या संत्रा बाजारात, मी कामाला आहे त्या अडतीवर, ते चिठ्ठ्या लिहायचे. लिलाव पुढे सरकेल तसं एका ढिगावरून दुसऱ्या ढिगाजवळ जायचं, बोली तुटली की घेणाऱ्याचं नाव आणि भाव चिठ्ठीवर लिहायचा, अर्धी चिठ्ठी संत्र्यांत खोचायची आणि अर्धी आपल्याजवळ ठेवायची. काकांची हयात यातच गेली. आमचं ना नातं, ना गाव एक. ते कन्हानचे, मी कोकणातला. तरी या शहरात मला जे मिळालं ते त्यांच्यामुळे, हे आधीच सांगून ठेवतो. पुढचं वाचताना कुणाला वाटू नये की मी विसरलो.

आठवी अर्धी टाकून मी घर सोडलं. का सोडलं ते सांगत बसत नाही, घरोघरी तीच कारणं असतात. आंब्याच्या पेट्यांबरोबर ट्रकमध्ये बसून नागपूरला उतरलो आणि परत चढलोच नाही. कितीतरी वर्षं क्रेट उचलले. मग एका आंबिया बहारात, म्हणजे संत्र्याच्या हिवाळी हंगामात, थंडीच्या तोंडावर सेठनं आम्हा क्रेटवाल्यांना ओळीनं विचारलं, "लिहिता कोणाले येते बे?" माझा हात वर गेला. लगेच खाली घ्यावासा वाटला, पण तोवर सेठनं पाहिलं होतं.

"काकांसंग फिर," सेठ म्हणाला. "जमलं तर लिहिणारा म्हणून ठेवतो. नाही जमलं तर क्रेट आहेतच."

हे एवढंच होतं. पण माझ्यासाठी ते सगळंच होतं. पाठ दुखायला लागली होती, आणि घरी फोनवर आई विचारायची की काय काम करतोस, तेव्हा मी "बाजारात" एवढंच सांगून थांबायचो.

मी पहिली गोष्ट केली ती म्हणजे जेल पेन विकत घेतलं. शाळेत असताना तसं पेन वर्गात एकाकडेच होतं आणि ते तो कुणाला हात लावू देत नसे. काळंभोर, छापल्यासारखं अक्षर उमटायचं. आपलं अक्षर वाईट आहे, निदान शाई तरी चांगली दिसू दे, असा माझा हिशेब. काकांनी पेन पाहिलं, काही बोलले नाहीत. मला वाटलं, आवडलं.

दव पडायला लागलं तसं ते पेन मला नडलं. पहाटे उतरवलेली संत्री ओली, माझी बोटं ओली, त्यावर सालीचा रस. एका सकाळी चिठ्ठी ढिगात खोचली आणि घेणारा परत येईपर्यंत तिच्यावर निळाकाळा डाग तेवढा उरला होता. माझ्याजवळच्या अर्ध्या चिठ्ठीवर अंगठा फिरलेला, तीही तशीच. शेतकरी एक भाव सांगतो, घेणारा दुसरा. दोघंही गळ्याच्या शिरा ताणून ओरडत होते. सेठ आला, चिठ्ठी उचलून सगळ्यांना दाखवली.

"काय बे, चिठ्ठी लिहिली का रांगोळी काढली?"

सगळे हसले. ज्यांच्याबरोबर मी क्रेट उचलायचो तेही हसले, जरा जास्तच. शेवटी काका मध्ये पडले. त्यांनी भाव सांगितला आणि दोघांनीही तो मुकाट्यानं मान्य केला, कारण काकांचा शब्द तिथं चालायचा. सेठ जाताना माझ्याकडे न बघता म्हणाला, "उद्याची सकाळ पाहतो याची. मग ठरवू."

दुपारी बाजार पांगल्यावर काकांनी स्कूटर काढली. "बस."

"कुठं?"

"जरीपटक्याले. पेन घेऊ तुह्यासाठी. अन् असं काहून पाहून राहिला गा? फासावर नेऊन राहिलो काय तुले?"

जरीपटक्याच्या बाजारात ते दुकान अरुंद होतं, भिंतीभर पेनंच पेनं. काउंटरपलीकडच्या दुकानदारानं काकांना ओळखलं.

"आओ चाचा. क्या दिखाऊँ?"

"ह्या पोराले पेन पाहिजे," काका म्हणाले. "खिशात पुरं मावलं पाहिजे, वाकलं त पडलं नाही पाहिजे, थंडीत रुसलं नाही पाहिजे, अन् ओल्या हातानं फिसकटलं नाही पाहिजे."

"ऐसी तो बहू भी नहीं मिलती, चाचा," दुकानदार म्हणाला, आणि तरी त्यानं एक मूठभर पेनं काउंटरवर ओतली.

पेन चालवून बघायला तिथं एक वही ठेवली होती. तिच्यावर सगळ्या शहरानं काहीबाही लिहिलेलं. सह्या, श्री, वर्तुळं, कुणीतरी बदाम काढून त्यात एक अक्षर. शेजारी कॉलेजच्या दोन मुली रंगीत पेनं निवडत होत्या. मी पेन हातात घेतलं आणि मला काय लिहावं तेच कळेना. माझं अक्षर अर्ध्या आठवीत जिथं थांबलं तिथंच आहे. कुणी मान वळवून बघितलं की त्याला माझी सगळी शाळा कळेल, अशी भीती मला वाटते. आजही वाटते. मी वहीवर आडव्या रेघा ओढल्या.

"लिही ना गा."

"लिहितोय की."

"उद्या ढिगावर रेघोट्याच ओढशील काय?" काका म्हणाले. त्यांनी वही उचलून माझ्या तळहातावर ठेवली, आणि पुढच्या क्षणी त्या अरुंद दुकानात लिलावाची हाळी दिली, कळमन्यात देतात तशीच, पोटातून. "बोला, बोला, माल पाहून बोला! लाल फळ, पातळ साल! बोला भाऊ!" मुली दचकल्या, मग खुदखुदल्या. काका मनानंच नाव आणि भाव फेकत गेले आणि मी उभ्यानं, तळहातावरच्या वहीत लिहीत गेलो. आश्चर्य म्हणजे त्या गडबडीत माझ्याकडे कोण बघतंय हे माझ्या डोक्यातूनच गेलं.

लांब पेनं काकांनी आधीच बाजूला सारली. खिशाबाहेर डोकं काढणारं पेन आपण वाकलो की संत्र्यांत पडतं, मग सापडत नाही, मालाबरोबर गावोगाव फिरतं. टोपणवालं नको, एका हातात चिठ्ठ्या असताना टोपण दातांत धरावं लागतं आणि बोलता येत नाही. दाबायचं हवं, पण खटका कडक हवा, नाहीतर खिशातल्या खिशात उघडतं आणि शर्टाला डाग पडतो. शाई साधी, तेलकट, जुन्या बॉलपेनची. मला मात्र एक निळं आवडलं होतं, सोनेरी क्लिपचं. मी ते दोनदा उचललं.

"चमकते ते हरवते," काका म्हणाले. "दुसऱ्याचं ध्यान जाते, अन् आपलंही तिकडंच राहते."

शेवटी हे राखाडी, आखूड उरलं. काकांनी ते माझ्या खिशात खोचलं आणि म्हणाले, "वाक."

"इथं?"

"मग काय ढीग इथं आणू? वाक."

मी वाकलो. परत वाकलो. कमरेतून, गुडघ्यातून, डाव्या अंगाला.

"चाचा, पेन लेने आए हो या योगा कराने?" दुकानदारानं विचारलं. पेन पडलं नाही.

मग काकांनी स्वतः ते हातात घेतलं आणि वहीच्या कोपऱ्यात काहीतरी लिहायला गेले. रेघ थरथरत वर गेली, खाली आली, अक्षर झालंच नाही. त्यांनी क्षणभर त्याकडे बघितलं, हसले आणि पेन काउंटरवर ठेवलं.

"तुम्हीपण एक घ्या, काका," मी म्हणालो.

"मले कायले?"

मी समजलो की त्यांच्याकडे आहे, म्हणून नको म्हणतात. मी तेव्हा माझ्या नव्या पेनाकडे बघत होतो, उद्याची काळजी करत होतो. ती रेघ माझ्यासमोर होती आणि मी नीट बघितली नाही.

दुसऱ्या सकाळी धुकं होतं. काकांच्या सांगण्याप्रमाणे लिलाव सुरू होईपर्यंत मी पेन मुठीत गच्च धरून ठेवलं, शाई गरम राहावी म्हणून. सेठ पहिल्या ढिगापासून माझ्या मागंमागं होता. मी वाकत गेलो, लिहीत गेलो, चिठ्ठ्या खोचत गेलो. काका एरवी माझ्या बरोबरीनं चालायचे, त्या दिवशी दोन ढीग मागे राहिले. दवात भिजलेल्या चिठ्ठ्या सेठनं मधूनमधून उचलून बघितल्या. सगळ्या वाचता येत होत्या.

लिलाव संपल्यावर सेठ म्हणाला, "ठीक. उद्यापासून तूच लिही. काका आता आराम करतीन."

मला आधी फक्त पहिलं वाक्य ऐकू आलं. मी हसलोसुद्धा. दुसरं वाक्य कळलं तेव्हा वळून बघितलं, तर काका चहाचा ग्लास दोन्ही हातांनी धरून उभे होते. दोन्ही हातांनी ते केव्हापासून धरत होते, मला आठवेना.

"काका, हे काय?"

"काय म्हणजे? हात ऐकून नाही राहिला आता. सेठले मीच म्हटलं होतं, पोरगं एखादं पाहा."

त्यांनी ते असं सांगितलं जसं काही बसची वेळ सांगतायत. पण क्रेट उचलणाऱ्यांचा मुकादम, माझा जुना सोबती, त्यानं नंतर मला बाजूला घेऊन सांगितलं. "येडा आहे का तू? सेठनं म्हटलं होतं, पोट्ट्याले नाही जमलं त काका, तुम्हीच कसाबसा अजून एक बहार काढा, नवा माणूस भर हंगामात कुठून आणू? तू पडला असता, त काका राहिले असते." मग तो जरा थांबला. "अन् काका राहणार होते गा. घरी बसून काय करतीन ते? बाजाराबिगर माणूस आहे काय तो?"

राहायचं तर त्या रांगोळीच्या सकाळी मला पडू देणं, एवढंच त्यांना पुरे होतं. गप्प राहिले असते तरी झालं असतं. त्याऐवजी त्यांनी स्कूटर काढली.

त्या दुपारी ते कन्हानला कायमचे परत गेले. मी बाजाराच्या फाटकापर्यंत गेलो. पाया पडावं असं वाटत होतं, पण आजूबाजूला हमाल उभे होते, आणि मी पडलो नाही. "येतो काका" म्हणालो, जणू जाणारा मीच होतो.

आता मी रोज लिहितो. आईला सांगितलं, लिहिण्याचं काम आहे. ती शेजारणीला सांगते. बाजारात कुणालाही पेन लागलं की माझ्याकडे येतात, कारण माझ्याकडे ते असतंच आणि चालतंच. मी देतो आणि परत मिळेपर्यंत त्यांच्या हाताकडे बघत राहतो. मागच्या हंगामात काकांना दोनदा फोन केला. पहिल्यांदा त्यांची सून म्हणाली, अंगणात बसून आहेत, देते. काकांनी विचारलं, "थंडीत अटकत त नाही ना?" मी म्हटलं, नाही. "मग झालं," म्हणाले. मला विचारायचं होतं, दिवस कसा जातो. ते सोडून मी संत्र्याचा भाव सांगत बसलो. दुसऱ्या वेळी फोन उचलला गेला नाही.

मला काम मिळालं याचा आनंद मी नाकारत नाही. पण तो आनंद एका माणसाच्या सगळ्या सकाळी हिरावून आला, आणि मी तो तसाच घेतला, हे मनातून जात नाही.

एक बहार मला त्यांना परत द्यायचा आहे. कसा ते आज सांगता येत नाही. सेठजवळ माझ्या शब्दाला अजून वजन नाही. पण ज्या दिवशी ते वजन येईल त्या दिवशी पगारवाढीच्या आधी मी हेच मागणार आहे, की काकांना एक पूर्ण हंगाम बोलवा, ढिगांपुढून चालायला, हाळी द्यायला. लिहायला मी आहे मागे. सेठ नाही म्हणाला तर कधीतरी, माझ्या स्वतःच्या गाळ्यावर बोलवीन. काका, तोवर टिकून राहा.