तळहातावरचा मका

मी आयुष्यात दारूचा थेंबही घेतलेला नाही, तरी एकदा खरी बर्बन आणि खोटी बर्बन वेगळी करून दाखवली आहे. कशी, ते क्रमाने सांगते. क्रम सोडला की माझं काही खरं नसतं.

नव्वदच्या दशकात मी धुळ्यात मक्यापासून स्टार्च काढणाऱ्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत होते. आलेल्या मक्याची प्रत तपासायची, हे माझं काम. अडचण एवढीच, की माझ्याकडे नमुना यायचा तोवर ट्रक रिकामा झालेला असायचा. मी "माल कुबट आहे" असं लिहीपर्यंत तो चांगल्या मालात मिसळलेला असे. म्हणून तपासणी गेटवर व्हावी आणि ती माझ्याकडे द्यावी, असा अर्ज मी तीनदा केला. तिन्ही वेळा खरेदीच्या साहेबांनी तो परत पाठवला.

"मॅडम, गेटवर ट्रकवाले असतात, शिव्या असतात. तिथे बाईमाणसाचं काय काम? ओलावा मोजायला मीटर आहेच. तुमच्या नाकावर कारखाना चालवायचा का?"

मीटर ओलावा सांगतं, बुरशीचा वास सांगत नाही, हे मी तिन्ही अर्जांत लिहिलं होतं.

तिसरा अर्ज परत आला त्या हिवाळ्यात नवं यंत्र बसवायला अमेरिकेहून एक इंजिनिअर आला. दोन महिने राहिला. त्याच्या सरबराईची यादी शेठनी माझ्याकडे दिली, कारण कारखान्यात याद्या करणारी मी एकटीच. उकळलेलं पाणी, मच्छरदाणी, बिनतिखटाची भाजी, सगळं झालं. शेवटी शेठ म्हणाले, "ताई, जायच्या आधी त्याला मळ्यात भरीत खाऊ घालू. आणि त्याच्या आवडीची बाटली भेट देऊ. तो बर्बन म्हणतो. म्हणजे काय ते त्यालाच विचार."

मी वही घेऊन कँटीनमध्ये त्याच्यासमोर बसले. प्रयोगशाळेतून थेट आले होते, म्हणून मक्याच्या नमुन्याची ताटलीही हातात होती. बाईने दारूची माहिती लिहून घ्यावी याचं वाढप्याला इतकं नवल वाटलं, की त्याने चहा दोनदा आणला.

पाहुण्याने नमुन्याच्या ताटलीतला मका मुठीत घेतला आणि म्हणाला, "बर्बन म्हणजे हा." निम्म्याहून जास्त मका असलाच पाहिजे, नाहीतर तिला बर्बन म्हणता येत नाही. स्कॉटलंडची माल्ट व्हिस्की सातूची. सातूला मोड आणून वाळवतात, काही ठिकाणी त्याला धुराचा वास देतात आणि ती बहुतेक वापरलेल्या जुन्या पिंपांत मुरवतात. बर्बनला पिंप मात्र दरवेळी कोरं लागतं. ओकच्या लाकडाचं, आतून जाळून कोळसा केलेलं. रंग आणि गोडवा त्या जळक्या लाकडातून येतो. वरून पाण्याशिवाय काही घालायचं नाही.

"जाळलेलं लाकूड? मग कडू नाही लागत?" मी विचारलं.

"तुमची वांगी जाळल्यावर कडू लागतात का?"

इथे मला सगळं समजलं. साल फेकून देतो, पण भरताची चव त्या जळलेल्या सालीनेच येते.

मग निवडायची कशी, ते लिहून घेतलं. लेबलवर 'स्ट्रेट' हा शब्द हवा, म्हणजे ती निदान दोन वर्षं मुरलेली असते. चार वर्षांच्या आतली असेल तर वय छापावंच लागतं. सहा-आठ वर्षांची चांगली. फार जुनीच्या नादी लागू नये, कोऱ्या लाकडात जास्त राहिली तर तुरट होते. चव घातलेली नको. सोनेरी खोका बघून भुलू नये. शेवटी मी विचारलं, "आणि आपल्याकडची व्हिस्की?" तो हसून म्हणाला, "ती बहुतेक उसाच्या मळीची. वाईट नाही, पण तिची आई वेगळी."

शेठचे जावई तेव्हा परदेशातून येणार होते. एसटीडी बूथवरून मी त्यांना यादी वाचून दाखवली. त्यांनी विमानतळावरच्या दुकानातून बाटली आणली. साधं पांढरं लेबल, खोका नाही. यादीतली प्रत्येक अट पुरी.

रविवारी जळगावजवळच्या शेठच्या मळ्यात पऱ्हाटीच्या, कापसाच्या वाळक्या काड्यांच्या जाळावर वांगी भाजत होती. पाहुणा केळीच्या बागेत फोटो काढत फिरत होता. इतक्यात खरेदीचे साहेब आले. त्यांच्या काखेत सोनेरी खोका. मुंबईच्या खास ओळखीतून मागवलेली बर्बनची बाटली, उंच, नक्षीदार, लाखेचं सील. त्यांनी माझी बाटली उचलून पाहिली.

"हे काय, खोकल्याचं औषध? शेठ, पाहुण्यासमोर लाज निघेल."

शेठ दोन्ही बाटल्यांकडे पाहत राहिले. म्हणाले, "ताई, तुझं काय म्हणणं?"

"दोन्ही उघडू या," मी म्हणाले.

मी साहेबांच्या बाटलीला नाक लावलं. झणका थेट टाळूला गेला, डोळ्यांत पाणी आलं. दुसरीला लावलं, तेच. मला काहीही फरक कळला नाही. साहेब हसले. "झालं? कारखाना यांच्या नाकावर चालणार होता!"

आता हरले असते तर चौथा अर्ज करायची सोय उरली नसती. मग माझी चूक माझ्या लक्षात आली. मक्याच्या पोत्याच्या तोंडाशी मी कधी नाक नेत नाही. तिथे तागाचा आणि धुळीचाच वास येतो. मी दाणे तळहातावर घेते, चोळते, थांबते आणि मग हुंगते.

मी जाळापासून दूर, वाऱ्याच्या बाजूला गेले. डाव्या हातावर साहेबांच्या बाटलीतले चार थेंब घेतले, उजव्या हातावर माझ्या. एकेक तळहात बोटांनी चोळला. झणका उडून जाईपर्यंत थांबले. मग हुंगलं. डाव्या हाताला काकवी. निव्वळ गुऱ्हाळ, वर थोडं अत्तर. उजव्या हाताला भाजलेलं कणीस, रंध्याखालचं ताजं लाकूड आणि कस्टर्ड पावडरीचा डबा उघडल्यावर येतो तो वास.

"साहेब, ही मळीची आहे. बाटली परदेशी असेल, आतला माल इथला."

"तुम्ही कधी घेतली आहे का हो?"

"नाही. कुबट मकाही मी कधी खाल्लेला नाही. पण ओळखते."

शेठनी स्वतःच्या हातांवर थेंब घेतले. हुंगले. मग दोन सारखे पेले मागवले. दोन्हींत दोन बोटं ओतली आणि पाहुण्याला हाक मारली. कुठला पेला कुठल्या बाटलीतला, ते त्याला सांगितलं नाही.

त्याने पहिला पेला हुंगला, घोट घेतला, सभ्यपणे खाली ठेवला. "छान आहे. पण ही बर्बन नाही." दुसरा हुंगला. डोळे मिटले. घोट घेतला आणि पेला खाली ठेवलाच नाही. "ही कुणी निवडली?"

"हिने," शेठ म्हणाले. "आणि हिने अजून चाखलेलीही नाही."

पाहुण्याने पेला माझ्याकडे उंच केला. मी ताकाचा उंच केला. त्यानंतर खाल्लेल्या भरीत-पुरीची चव मला अजून आठवते. हिरव्या मिरचीचा ठेचा आणि कांद्याची पात.

हात धुताना शेठ सर्वांदेखत म्हणाले, "उद्यापासून गेट ताईंकडे. मीटर पण राहू दे, नाक पण."

साहेब मनाने वाईट नव्हते, तेही फसलेच होते. निघताना म्हणाले, "मॅडम, त्या मुंबईच्या माणसाला आधी तुमच्याच गेटवर उभा करतो."

सोमवारी सकाळी माझं टेबल गेटवर आलं. पहिला ट्रक शिंदखेड्याकडचा. ड्रायव्हरने वरचं पोतं सोडून दाखवलं आणि अहिराणीत सगळ्या मालाची ग्वाही दिली.

"बठ्ठा माल चांगला शे, अक्का."

मी दाणे चोळले, हुंगले. खरंच चांगले होते.

"वरना चांगला शे, भाऊ," मी त्याच्याच बोलीत म्हणाले आणि खालच्या पोत्यांकडे बोट दाखवलं. "आते खालना दखाड."