नवऱ्याचं नाव

त्या बाईने खाली घातलेली मान निवृत्तीनंतरही माझ्या डोळ्यांपुढून हललेली नाही.

मी बीड जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. शुक्रवारी सकाळी हजेरी चालू असताना एका ग्रामसेवकाने माझ्या टेबलावर दाखल्याची झेरॉक्स ठेवली. दवाखान्याने ती त्याच्याकडे पडताळणीला पाठवली होती.

"साहेब, सही माझ्यासारखी दिसती, पण म्या केली न्हाई. ह्या नावाचं कुटुंबच आमच्या गावात न्हाई."

एक व्यापारी आणि एक बाई नवरा-बायको असल्याचा तो दाखला होता. बायको नवऱ्याला किडनी देणार होती. शस्त्रक्रिया सोमवारी.

अवयव प्रत्यारोपणाच्या कायद्याखाली न्यायालयात जायला आरोग्य खात्याच्या अधिकाऱ्याची तक्रार लागते. ती येईपर्यंत बाईची किडनी गेली असती. म्हणून मी आधी बनावट दाखल्याचा गुन्हा नोंदवला.

साक्षीदार महिलेला ठाण्यात बोलवायचं नसतं. महिला शिपायाला घेऊन मी दवाखान्यातून पत्ता काढून बसस्थानकामागच्या त्या बाईच्या खोलीवर गेलो. दारात तिचा 'भाऊ' पाय लांबवून बसला होता. आत एक एजंट होता आणि सगळं तोच बोलत होता. मी नेकनूरच्या बाजारात शेळ्या विकून शिकलो. मालक गप्प आणि दलालच बोलत असेल तर सौद्यात खोट असते, हे मला वर्दीच्या आधीपासून कळतं.

"साहेब, एक मानूस जगतोय, हिचं घर उभं राहतंय. तुमी मधी कावून पडता?"

"मग तुझी दे की बे."

"माझी कावून?"

महिला शिपाई हसली. माझं मात्र डोकं फिरलं. मी असा ओरडलो की बाई भिंतीला चिकटली. या रागाने माझ्या कित्येक केस नासवल्या आहेत. एजंटला बाहेर काढलं, पाणी प्यालो आणि हळू विचारलं, "ताई, नवऱ्याचं नाव काय?"

तिने व्यापाऱ्याचं नाव आडनावासकट एका दमात सांगितलं.

माझ्या आईने जन्मभर वडिलांचं नाव घेतलं नाही. रेशनच्या दुकानातही शेजारणीकडून सांगवायची. मी दाराकडे बोट केलं. "आणि त्या भावाचं?"

तिने तोंड उघडलं, मिटलं. पदर पुढे ओढला, मान खाली घातली.

"भावाचं नाव घ्यायला लाज कसली?"

"त्यांनाच इचारा," ती म्हणाली.

मग सगळं बाहेर आलं. धनगर कुटुंब. दारातला 'भाऊ' हाच तिचा नवरा. त्याचा पाय अपघातात निकामी झालेला, उपचारात मेंढरं गेलेली. पुन्हा कळप उभा करायचा होता. शेवटी तिने मलाच विचारलं, "माझीच किडनी इकली ना? दुसऱ्याची चोरली का?"

शस्त्रक्रिया थांबली. व्यापाऱ्याची खरी बायको ठाण्यात आली. "माझी जुळली न्हाई साहेब. मी काय करायचं व्हतं, तुमीच सांगा." काही महिन्यांनी व्यापारी वारला.  मला एवढं दिसतं, की व्यापाऱ्याच्या घरातल्या दुसऱ्या कुणाकडे त्या एजंटने कधी किडनी मागितली नाही. तो थेट मेंढरं गेलेल्या घरी गेला.

बाईला साक्षीदार करा, असं मी वरिष्ठांना सांगितलं, भांडलो. विकणाराही कायद्याने गुन्हेगार, म्हणून त्यांनी तिला आरोपी केलं. प्रशस्तिपत्र त्यांना मिळालं. त्यांनी ती खोली पाहिलीसुद्धा नव्हती. एजंट जामिनावर सुटला. ज्याला खोटं बोलायची सवय नाही तोच आधी सापडतो, हे मी या केसमध्ये शिकलो, आणि सापडवणारा मीच होतो.

कोर्टातल्या पहिल्या तारखेला कारकुनाने तिला विचारलं, "नवऱ्याचं नाव?"

तिने पदर पुढे ओढला. नवरा काठी टेकत अजून जिना चढत होता. कारकुनाने दोनदा दरडावलं. तिने मागे वळून मला शोधलं. मी उठलो आणि ते नाव सांगितलं.