प्रवास झेपत न्हाई म्हणून

लोक विचारतात, यात्रा कंपनीत काम करता म्हणजे जागोजागचे किस्से असतील. कशाचं काय? मी सेलूच्या मोंढ्याजवळ काउंटरवर बसतो. काशी-रामेश्वरला गेलेली माणसं मला फक्त जाताना दिसतात. माझ्याकडं साचतात ते न गेलेल्यांचे किस्से, आणि ते लय हायत.

आमचे मालक अण्णा. माणूस दिलदार, पण आलेला पैसा परत द्यायचा म्हटलं की त्यांना ठसका लागतो. भिंतीवर त्यांनी ठळक अक्षरात पाटी लावली होती : 'कोणत्याही कारणाने बुकिंग रद्द केल्यास पैसे परत मिळणार नाहीत.'

परभणीच्या वाघमारे वकीलबाईंनी आईसोबत बोधगयेचं बुकिंग केलं होतं. आईला चिकुनगुनिया झाला. बाई आल्या, पाटी वाचली आणि शांतपणे विचारलं, "ही पाटी कोणी लावली?"

"मीच," अण्णा म्हणाले.

"मग काढा बी तुमीच. माणूस आजारी पडला तर तुमचा खरंच झालेला खर्च कापा, उरलेलं परत द्या. सगळंच गिळायची एकतर्फी अट ग्राहक आयोगात टिकत न्हाई."

"म्हणजे आयोगात जावं लागंल का?"

"मी तर जाणारच हाय. तुमी येणार का, एवढं सांगा."

अण्णांनी चहा मागवला. चहा येईपर्यंत पाटी उतरली होती.

ही बातमी तालुक्याच्या बाहेर गेली आणि आमच्या यात्रेकरूंच्या तब्येती एकदम नाजूक झाल्या. पालमचे एक काका आले. म्हणाले, "कंबर गेली. प्रवास झेपत न्हाई. रद्द करा."

अण्णा म्हणाले, "अहो, फोन करायचा. कसे आलात?"

"येष्टीनं. गंगाखेडला बदलली, परभणीला बदलली. उभ्यानंच आलो, जागाच न्हाई."

अण्णा माझ्याकडं बघायला लागले. मी कॅल्क्युलेटरकडं बघत बसलो. काका पैसे घेऊन परत येष्टीनंच गेले. जाताना विचारलं, "इथून शेगावला थेट गाडी हाय का हो?"

काशीला निघालेला बाबाराव मात्र खरा आजारी पडला. आमच्याकडं रीत हाय, काशीला निघालेल्या माणसाला भावकी घरोघरी जेवायला बोलावते. बाबारावनं एकाही घराचं मन मोडलं न्हाई. पुरणपोळी झाली, धोंडे झाले, कुणी बासुंदी केली. मग गावानं टॉवेल-टोपी, हार घालून, हलगी वाजवत त्याला सेलूला आणून सोडलं. गाव माघारी वळलं आणि बाबारावला जुलाब लागले. बस निघायच्या वेळेला तो आमच्या संडासातून बोलायलाय, "मला रद्द करा!"

अण्णांनी नियमानं हिशोब केला, पैसे पुढं केले. बाबाराव गळ्यातल्या हारासकट खुर्चीत बसलेला. म्हणाला, "पैसे मिळायचा कायदा हाय, ते बरं झालं. पण आता गावात तोंड दाखवायचा काही कायदा हाय का?"

असा कायदा काही सापडला न्हाई. मग तो पूर्णेला लेकीकडं जाऊन राहिला आणि यात्रेची बस परत येताना फाट्यावर उभा राहून तीत चढला. गावानं पुन्हा हलगी लावली. आज त्यांच्या गावात काशीचं वर्णन बाबारावइतकं झकास कुणालाच जमत न्हाई.

आणि आमच्या रुक्मिणकाकू. त्यांनी जन्मात समुद्र पाहिलेला न्हाई. रामेश्वरला जायचं, समुद्रात पाय बुडवायचे, एवढीच हौस. पण बुकिंग झालं की त्यांचे यजमान, किसनकाका, आजारी पडायचे. एकदा दाढ दुखली, एकदा गळू झालं. आजारी माणसासोबतच्याचं बी रद्द होतं, म्हणून दरवेळी दोघांचं रद्द. काकू मुकाट्यानं पिशवी उचलून घरी जायच्या, आणि मला लय वाईट वाटायचं.

यंदा बस दारात उभी असताना काकांना चक्कर आली. खुर्चीत बसून म्हणाले, "दोघांचं रद्द करा."

काकू काउंटरपाशी आल्या. "बाबा, आजारी माणसाला रद्द करायचा हक्क हाय म्हणतेत."

"हाय काकू."

"मग धडधाकट माणसाला जायचा हक्क हाय का न्हाई?"

मी अण्णांकडं बघितलं. अण्णा म्हणाले, "हाय की वहिनी. त्याला कोण आडवं येतंय?"

काकूंनी काकांची बीपीची गोळी त्यांच्या हातावर ठेवली, शेजारच्या सुनेला फोन लावून दोन वेळच्या भाकरीचं सांगितलं आणि बसमध्ये चढल्या. काकांना एकदम तरतरी आली. उठून बसच्या पायरीवर पाय ठेवत म्हणाले, "आता बरं वाटायलंय मला. माझं रद्द करू नका."

काकूंनी काकांच्या सीटवर आपली पिशवी ठेवली. खिडकीतून मला म्हणाल्या, "त्यांचं रद्दच राहू दे. आजारी माणसाला प्रवास झेपत न्हाई." आणि ड्रायव्हरला म्हणाल्या, "चल बाबा, समुद्र लांब हाय."